निगडीच्या पानांचा अर्क: झोन पानाचा आहे की मिथेनॉलचा?

प्रश्न – ओढाकाठ_खानापूर

नमस्कार. बी.एस्सी. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला निगडी घेतली आहे (कन्नड बोलणारे तिला लक्की म्हणतात). पानांच्या अर्काची जिवाणूरोधक चाचणी करायची आहे. आतापर्यंत झालेलं काम असं:

पाला ओढ्याकाठचा, खानापूर-जांबोटी रस्त्याच्या बाजूचा. सावलीत वाळवून मिक्सरला बारीक केला. २० ग्रॅम पावडर २०० मिलि मिथेनॉलमध्ये ४८ तास ठेवली, अधूनमधून हलवली, गाळून वॉटर बाथवर आटवली. काळपट हिरवा चिकट गोळा राहिला. तो परत मिथेनॉलमध्येच २०० मिग्रॅ प्रति मिलि या प्रमाणात विरघळवला. दुसरीकडे तेवढीच पावडर पाण्यात भिजत ठेवली. तिला तिसऱ्या दिवशी वास यायला लागला आणि वर पांढरी साय धरली. तीही गाळून घेतली आहे.

न्यूट्रिएंट अगारवर (जिवाणू वाढवायचं घट्ट माध्यम) ८ मिमीचे वेल, म्हणजे खड्डे, पाडले, प्रत्येकात ५० मायक्रोलिटर घातलं. स्टॅफिलोकोकस ऑरियसवर मिथेनॉल अर्काचा झोन (वेलभोवतीचं जिवाणू न वाढलेलं वर्तुळ) १४ मिमी, ई. कोलायवर ९ मिमी. नुसतं मिथेनॉल घातलेल्या वेलभोवती स्टॅफवर ११ मिमी. पाण्याच्या अर्काला कशावरच काही नाही.

विचारायचं आहे ते हे. १४ मधून ११ वजा करून ३ मिमी पानाचे असं लिहिता येईल का? पाण्याचा अर्क का चालला नाही? एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारं अर्काचं सर्वांत कमी प्रमाण) काढायला सांगितलं आहे, पण कॉलेजात एलायझा रीडर (९६ वेलच्या प्लेटमधला रंग-गढूळपणा मोजणारं यंत्र) नाही, रोटरी इव्हॅपोरेटर (कमी दाबाखाली द्रावक आटवणारं यंत्र) नाही. ऑटोक्लेव्ह, इन्क्युबेटर, कलरीमीटर आणि साधा सेंट्रिफ्यूज एवढं आहे. आणि गावात निगडीचा पाला गुडघेदुखीला, सुजेला शेकायला वापरतात, तर त्या बाजूने काही चाचणी करता येईल का?

उत्तर – टिळकवाडी_पेट्री

वजाबाकी करू नका. झोनचा व्यास हा अर्काच्या प्रमाणाशी सरळ पटीत वाढत नाही, साधारण प्रमाणाच्या लॉगॅरिदमशी तो जोडलेला असतो. त्यात दोन पदार्थ एकाच वेलमध्ये असले की त्यांचे झोन एकावर एक चढत नाहीत. त्यामुळे १४ उणे ११ या आकड्याला काही अर्थ नाही. नुसत्या द्रावकाने झोन दिला की ती प्लेट पानाबद्दल काहीच सांगत नाही, एवढाच निष्कर्ष निघतो. ई. कोलायचे ९ मिमी हे ८ मिमीच्या वेलसकट मोजलेले आहेत, म्हणजे कडेला अर्धा अर्धा मिलिमीटर. तो झोन धरू नका.

आता दुरुस्ती. आधी तो चिकट गोळा खरोखर कोरडा करा. चिकट आहे म्हणजे आत मिथेनॉल आणि पाणी अजून असू शकतं. उथळ काचेच्या बशीत पसरून ४० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा, मग डेसिकेटरमध्ये (ओल शोषून घेणारा बंद डबा). वजन करा, काही तासांनी परत करा, दोन वजनं सारखी आली की कोरडा झाला. ओल्या गोळ्याचं वजन धरून २०० मिग्रॅ म्हटलं तर त्यात अर्क किती आणि द्रावक किती ते कोणालाच सांगता येणार नाही.

मग तो डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवा, १०० मिग्रॅ प्रति मिलि. पटकन विरघळत नसेल तर ४० अंशांच्या पाण्यात नळी धरून हलवा. तळाशी गाळ राहिला तर सेंट्रिफ्यूज करून तो गाळ वाळवून तोला, कारण तेवढा अर्क द्रावणात गेलेलाच नाही आणि तुमचं १०० हे खरं १०० नाही. निर्जंतुक करायला ०.२ मायक्रॉनचा सिरिंज फिल्टर लागतो, तो नायलॉनचा किंवा पीटीएफईचा घ्या. सेल्युलोज अॅसिटेटचा पडदा डीएमएसओत टिकत नाही.

न्यूट्रिएंट अगार सोडा. या कामाला म्युलर-हिंटन अगार, ३८ ग्रॅम प्रति लिटर, १२१ अंशांवर १५ मिनिटं. ९० मिमीच्या प्लेटमध्ये सुमारे २५ मिलि ओता, थर ४ मिमीचा आला पाहिजे. थर पातळ झाला तर झोन मोठा दिसतो, जाड झाला तर लहान. टेबल सपाट नसेल तर एकाच प्लेटच्या दोन बाजूंना वेगळे झोन येतात आणि माणूस पानात कारण शोधत बसतो.

जिवाणूंचं प्रमाण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं ठरलेलं माप). मानक नळी घरी करता येते: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलि आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिलि. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवा, वापरण्याआधी हलवा. स्पेक्ट्रोफोटोमीटर मिळाला तर ६२५ नॅनोमीटरला शोषण ०.०८ ते ०.१३ च्या मध्ये आलं पाहिजे. एवढ्या गढूळपणात साधारण १.५ × १०⁸ जिवाणू प्रति मिलि असतात. तयार केल्यापासून १५ मिनिटांच्या आत प्लेटवर फिरवा. उशीर केला की संख्या वाढते आणि झोन आक्रसतो.

वेल ६ मिमीचे पाडा. एक गोष्ट बहुतेक पद्धतींत लिहिलेली नसते: वेल पाडताना अगार तळापासून किंचित सुटतो आणि अर्क खालून पसरतो. मग वेडावाकडा, एका बाजूला लांबलेला झोन दिसतो. यासाठी प्रत्येक वेलच्या तळाला वितळलेल्या अगारचा एक थेंब सोडून तो थिजू द्या, मगच ५० मायक्रोलिटर घाला. द्रव शोषला जाईपर्यंत प्लेट उलटी करू नका.

प्रत्येक प्लेटवर तीन गोष्टी हव्यातच: तुमचा अर्क, नुसतं डीएमएसओ तितकंच, आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाची १० मायक्रोग्रॅमची डिस्क. ही डिस्क म्हणजे प्लेट बरोबर आहे की नाही याची परीक्षा. स्टॅफ एटीसीसी २५९२३ वर (एटीसीसी हा अमेरिकेतला जिवाणूसंग्रह) ती १९ ते २७ मिमी आणि ई. कोलाय एटीसीसी २५९२२ वर १९ ते २६ मिमी यायला हवी. बाहेर गेली तर त्या दिवसाच्या सगळ्या प्लेटा रद्द. इन्क्युबेटर ३५ ते ३७ अंश, १६ ते १८ तास. खानापुरात रात्री लाइट जाते तेव्हा इन्क्युबेटर थंड पडतो, जिवाणूंची वाढ विरळ होते आणि झोन फुगतो. अशा रात्रीचं पाप डिस्कच्या आकड्यात सकाळी दिसतं.

जिवाणू कुठले आहेत तेही लिहा. वर्षानुवर्षं स्लँटवरून (तिरप्या अगारच्या नळीवरून) स्लँटवर उतरवलेला, नुसतं 'स्टॅफ' लेबल लावलेला जिवाणू चालणार नाही. पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून क्रमांकासकट मागवता येतो. कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांच्या सहीचा अर्ज लागतो, वेळ जातो, म्हणून आजच टाका.

एमआयसीचं वेगळं लिहितो, थोडा वेळ द्या.

उत्तर – कणकुंबी_झाडपाला

पेट्री सरांनी प्लेटचं सांगितलं. मी पाल्याचं सांगते, कारण तिथेच घोळ असेल तर पुढचं सगळं नीट करूनही वाया जातं.

फांदी फुलासकट आणली होती का? निगडीच्या (व्हायटेक्स निगुंडो) पानाला तीन किंवा पाच पर्णिका असतात, मधल्या पर्णिकेला स्पष्ट देठ असतो, खालची बाजू पांढुरकी, लवदार. फुलं निळसर जांभळी, फांदीच्या टोकाच्या तुऱ्यात. तिचीच एक बहीण, व्हायटेक्स ट्रायफोलिया, कुंपणाला लावलेली आढळते. तिला तीन पर्णिका, पण त्यांना देठ जवळजवळ नसतो. नुसता वाळलेला चुरा घेऊन गेलात तर कुठलाच वनस्पतितज्ज्ञ सही देणार नाही. फुलासकट फांदी दाबून वाळवा, ४२ × २९ सेंटिमीटरच्या शीटवर चिकटवा. लेबलवर गाव, तालुका, ओढ्याचं नाव, तारीख, मराठी आणि कन्नड नाव घाला. ओळख पटवायला बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे (पूर्वीचं प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्र). तिथे किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारा. मिळालेला नमुना क्रमांक अहवालात छापला पाहिजे. तो नसेल तर तुमचं काम दुसऱ्या कोणाला परत करून बघता येत नाही.

जागेचं बोलायचं तर रस्त्याकडेचा पाला टाळा. धूळ आणि गाडीचा धूर पानाच्या लवेत अडकून बसतो, धुऊनही पूर्ण जात नाही. निपाणी-चिक्कोडीकडे गेलात तर तंबाखूच्या आणि उसाच्या बांधावरची निगडी अजिबात घेऊ नका. पिकावर मारलेली बुरशीनाशकं, कीटकनाशकं बांधावरच्या पाल्यावर उडतात आणि मिथेनॉल ती पानातल्या घटकांबरोबरच ओढून घेतं. झोन आला तरी तो फवारणीचा असू शकतो. फवारणीच्या शेतापासून लांबचा, वस्तीच्या वरच्या अंगाचा ओढा शोधा. आणि पाला आणण्यासाठी भीमगड अभयारण्यात किंवा राखीव जंगलात शिरू नका. तिथून पान तोडायलाही वनखात्याची परवानगी लागते. निगडी गावठाणात आणि खासगी बांधावर मुबलक मिळते, मालकाला विचारलं की झालं.

मिथेनॉलच्या अर्कासाठी, तपासण्या आणि पुन्हा करायच्या प्लेटा धरून, १०० ग्रॅम कोरडी पावडर हाताशी ठेवा. ती सगळी एकाच वेळी, एकाच जागेवरून गोळा करा. जूनमधला कोवळा पाला आणि जानेवारीतला निबर पाला यांत घटकांचं प्रमाण सारखं नसतं. दोन खेपांची पावडर मिसळली की तीन वेळा केलेल्या चाचणीचे आकडे विस्कटतात.

वाळवण. नळाखाली धुऊन मग डिस्टिल्ड पाण्यात एकदा खळबळून घ्या, पाणी निथळू द्या, कापडावर एका थरात पसरा. उन्हात नको, निगडीत उडून जाणारं तेल आहे, वास येतो तो त्याचाच. कोरड्या हवेत सावलीत आठवडाभरात पान हातात चुरगळतं. कणकुंबी, जांबोटीच्या पावसाळ्यात मात्र सावलीतला पाला वाळण्याआधी बुरसतो. बारीक करड्या ठिपक्यांकडे दुर्लक्ष झालं तर तुम्ही बुरशीच्या विषाची चाचणी कराल. पावसाळ्यात ४० अंशांच्या ट्रे ड्रायरला पर्याय नाही. मिक्सर सलग चालवू नका, भांडं तापतं. थांबून थांबून दळा, ४० नंबरच्या चाळणीतून चाळा. वर राहिलेल्या शिरा-देठांचं वजन लिहून ठेवा.

उत्तर – निपाणी_फार्माकॉग्नसी

पाण्याचा अर्क का चालला नाही याची मला दोन कारणं दिसतात.

पहिलं, तो अर्क राहिलाच नव्हता. वास आणि साय म्हणजे त्यात जिवाणू-बुरशी वाढलेली होती. पानातली साखर आणि प्रथिनं पाण्यात आधी उतरतात, म्हणजे तुम्ही सूक्ष्मजीवांना आयतं खाद्य करून दिलंत. अशा अर्काला झोन आला असता तरी तो टाकूनच द्यायला हवा होता. साधारण तापमानाला पाण्यात दिवसेंदिवस भिजत घालणं ही पद्धतच चुकीची आहे. पाण्यासाठी काढा करा: ५० ग्रॅम पावडर ५०० मिलि डिस्टिल्ड पाण्यात मंद आचेवर ३० मिनिटं, गरम असतानाच मलमलीतून, मग व्हॉटमन १ गाळणकागदातून गाळा, त्याच दिवशी ५० अंशांच्या बाथवर उथळ बशीत आटवायला घ्या. लगेच जमत नसेल तर फ्रीजमध्ये एक रात्र, त्यापुढे नाही. बोअरचं पाणी वापरू नका, क्षार आटून अर्काच्या वजनात मिसळतात.

दुसरं कारण रसायनाचं. निगडीच्या पानात कॅस्टिसिनसारखे फ्लेवोनॉइड आणि उडणारं तेल आहे, ते पाण्यात नीट उतरत नाहीत. उकळल्यावर तेल वाफेबरोबर जातं. पाण्यात अॅग्नुसाइड, निगुंडोसाइड असे शर्करायुक्त घटक उतरतात. म्हणून काढा जिवाणूंवर थंड पडला तर नवल नाही, आणि त्यावरून पान निकामी असंही ठरत नाही. शिवाय तेलकट घटक अगारमधून सरकतच नाहीत. झोन लहान असलेला अर्क कमकुवत असतो असं नाही, कधी तो नुसता अडकून बसलेला असतो. दोन द्रावकांच्या अर्कांची झोनवरून तुलना करणाऱ्या तक्त्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये. तुलना एमआयसीवर करा.

मिथेनॉलसाठी १:१० प्रमाण ठीक आहे, पण २० ग्रॅम फार कमी. ५० ग्रॅम, ५०० मिलि, बंद बाटलीत ७२ तास, दिवसातून तीन-चार वेळा हलवायचं. गाळलेला चोथा परत ताज्या मिथेनॉलमध्ये एकदा भिजवा, दोन्ही गाळणं एकत्र करा. त्याआधी पेट्रोलियम ईथरने पावडर धुतली तर मेण, चरबी आणि हरितद्रव्याचा काही भाग निघून जातो आणि अर्क काळा चिकट न होता तपकिरी, हाताळण्याजोगा मिळतो. ते ईथर टाकू नका, तोही एक अर्क आहे, त्यात तेलकट घटक आहेत.

रोटरी नसेल तर रुंद बशी, ४५ ते ५० अंशांचा वॉटर बाथ आणि फ्यूम हूड (वाफ बाहेर खेचणारं कपाट). मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, वाफ पेट घेते आणि डोळ्यांना, मेंदूला घातक असते. हूड नसलेल्या खोलीत आटवणार असाल तर आटवूच नका, फार्मसी कॉलेजात रोटरी मागा. निव्वळ इथेनॉल अधिक सुरक्षित असलं तरी त्याला अबकारी परवाना लागतो, कॉलेजकडे तो आहे का ते आधी बघा.

उतारा (पाल्यातून किती टक्के अर्क निघाला) असा काढा: कोरड्या अर्काचं वजन भागिले पावडरचं वजन गुणिले १००. हा आकडा अहवालात नसेल तर अर्काच्या १०० मिग्रॅमागे किती पाला होता ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

प्राथमिक तपासण्या करून घ्या, फार वेळ लागत नाही. मॅग्नेशियमचा तुकडा आणि सांद्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर गुलाबी-लाल आलं तर फ्लेवोनॉइड. फेरिक क्लोराइडने निळा-काळा किंवा हिरवट काळा आला तर टॅनिन किंवा फिनॉल. ड्रॅगेनडॉर्फ अभिकारकाने नारिंगी गाळ आला तर अल्कलॉइड. हिरवा रंग हे सगळे रंग झाकतो, म्हणून ईथरने धुतलेलाच अर्क वापरा आणि शेजारी अभिकारक न घातलेली नळी ठेवा. फेरिक क्लोराइडचा रंग गडद आला तर सावध व्हा. टॅनिन जिवाणूंच्या प्रथिनांना आणि माध्यमातल्या प्रथिनांना सरसकट चिकटतं, वेलभोवती दुधाळ कडं दिसतं. तो परिणाम निगडीचा खास नाही, चहाची पूडही तेच करील. अर्काचा एक भाग पीव्हीपीपीबरोबर (टॅनिन धरून ठेवणारी, न विरघळणारी पूड) हलवून, सेंट्रिफ्यूज करून टॅनिन काढा आणि दोन्ही भाग शेजारी शेजारी तपासा.

कोरडा अर्क गडद काचेच्या कुपीत, फ्रीजमध्ये. डीएमएसओतलं द्रावण लहान लहान नळ्यांत वाटून उणे २० ला. डीएमएसओ १८ अंशांच्या आसपास गोठतं, फ्रीजमधून काढल्यावर पूर्ण वितळून एकजीव झाल्याशिवाय पिपेट बुडवू नका.

ओढाकाठ_खानापूर

सर, मॅडम, खूप आभार. पाला नव्याने आणते, फुलासकट. दोन गोष्टी राहिल्या: रीडर नसताना एमआयसी, आणि सुजेची चाचणी. सुजेसाठी काही ठिकाणी अंड्याच्या पांढऱ्याची पद्धत वाचली, काही ठिकाणी उंदीर.

उत्तर – टिळकवाडी_पेट्री

रीडरची गरज नाही, डोळ्यांनी वाचता येते. निर्जंतुक ९६ वेलची प्लेट आणि रेझाझुरिन हा रंग एवढं लागेल.

डीएमएसओतलं १०० मिग्रॅचं द्रावण म्युलर-हिंटन ब्रॉथमध्ये (अगार नसलेलं द्रव माध्यम) ५० पट पातळ करा, म्हणजे २ मिग्रॅ प्रति मिलि आणि डीएमएसओ २ टक्के. ओळीतल्या २ ते ८ नंबरच्या वेलमध्ये ५० मायक्रोलिटर ब्रॉथ घाला. पहिल्या वेलमध्ये पातळ केलेला अर्क १०० मायक्रोलिटर. पहिल्यातून ५० उचलून दुसऱ्यात, चार-पाच वेळा वरखाली करून मिसळा, दुसऱ्यातून ५० तिसऱ्यात, असं आठव्यापर्यंत, आठव्यातले ५० टाकून द्या. दर वेळी टिप बदला. जुनीच टिप ठेवली तर वरचा दाट अर्क खाली वाहून जातो आणि एमआयसी खोटी, कमी दिसते.

०.५ मॅकफार्लंडचं द्रावण १५० पट पातळ करा, ०.१ मिलि घेऊन १४.९ मिलि ब्रॉथमध्ये. त्यातलं ५० मायक्रोलिटर पहिल्या आठही वेलमध्ये. आता अर्क १०००, ५००, २५०, १२५ असा उतरत शेवटी ७.८ मायक्रोग्रॅम प्रति मिलि झाला, डीएमएसओ जास्तीत जास्त १ टक्का आणि जिवाणू ५ × १०⁵. नवव्या वेलमध्ये २ टक्के डीएमएसओचा ब्रॉथ ५० आणि जिवाणू ५०. दहाव्यात नुसता ब्रॉथ ५०, जिवाणू ५०. अकराव्यात फक्त ब्रॉथ १००. बाराव्यात जेंटामायसिन आणि जिवाणू.

खालच्या ओळीत अर्काची तीच उतरण, पण जिवाणूंऐवजी साधा ब्रॉथ. ही ओळ लोक वगळतात आणि तिथेच फसतात. रेझाझुरिन निळं असतं, जिवंत जिवाणू त्याला गुलाबी करतात, पण पानातले फिनॉलही ते स्वतःच गुलाबी करू शकतात. जिवाणू नसलेली ओळ गुलाबी झाली तर रंगावरून वाचन बंद. अशा वेळी प्रत्येक वेलमधून ५ मायक्रोलिटर ताज्या अगारवर ठिपका देऊन वाढ बघा.

प्लेट झाकून, ओल्या कापसासह डब्यात, ३५ अंशांवर १८ तास. मग ०.०१५ टक्के रेझाझुरिन ३० मायक्रोलिटर प्रत्येकी, २ ते ४ तास थांबा. निळ्या राहिलेल्या वेलमधला सर्वांत कमी अर्क ही एमआयसी. नववा आणि दहावा वेल सारखेच गुलाबी पाहिजेत, अकरावा निळा. निळ्या वेलमधून अगारवर फिरवून काहीच उगवलं नाही तर अर्काने जिवाणू मारले, उगवले तर फक्त थोपवले. अहवालात हा फरक लिहा.

अर्क ब्रॉथमध्ये घालताच हिरव्या गुठळ्या झाल्या तर तो खाली बसला, १००० हा आकडा कागदावरच राहिला. जिथे द्रव स्वच्छ आहे तिथूनच वाचन धरा.

कच्च्या अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या आत आली तर पुढे वेगळे घटक काढण्यासारखं काहीतरी आहे असं साधारण मानतात. १००० च्या वर गेली तर 'या अर्कात उल्लेखनीय परिणाम आढळला नाही' असं सरळ लिहा, तोही निकालच आहे. ई. कोलायवर बहुधा तसंच होईल. त्याच्या बाहेरच्या पडद्यातून हे घटक आत जात नाहीत.

उत्तर – निपाणी_फार्माकॉग्नसी

सुजेचं सांगतो. तुमचा हा प्रश्न मला पहिल्या प्रश्नापेक्षा जास्त पटला. लोक निगडी सांधेदुखीला, सुजेला वापरतात. मग चाचणी त्याच दिशेची असावी, नाहीतर लोकांच्या अनुभवाचा आणि प्रयोगाचा संबंधच उरत नाही.

उंदरांकडे जाऊ नका. प्राण्यांवरच्या प्रयोगाला नोंदणीकृत प्राणिगृह आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची आधी मिळालेली मंजुरी लागते. पदवी कॉलेजात ते सहसा नसतं. माणसाचं रक्त घेऊन करायची पेशीपटलाची चाचणीही नीतिमत्ता समितीच्या संमतीशिवाय नको, मित्राने बोट टोचून दिलं तरी नको.

अंड्याच्या पांढऱ्याची पद्धत जमेल. ताज्या अंड्याचं पांढरं ०.२ मिलि, ६.४ पीएचचं फॉस्फेट बफर २.८ मिलि आणि अर्काचं पातळ द्रावण २ मिलि. ३७ अंशांवर १५ मिनिटं, मग ७० अंशांवर ५ मिनिटं, थंड करून ६६० नॅनोमीटरला वाचन. कलरीमीटरला लाल फिल्टर असेल तर त्यावर भागेल. अर्काऐवजी बफर घातलेली नळी नियंत्रण, डायक्लोफेनॅक सोडियम हे सुजेवरचं औषध तुलनेला. दर प्रमाणाला अर्क आणि बफर, अंडं नाही, अशी एक नळी करून तिचं वाचन वजा करा, नाहीतर हिरवा रंगच आकडा ठरवेल.

पण या चाचणीची मर्यादा मोठी आहे. उष्णतेने प्रथिन गोठणं आणि शरीरातली सूज यांच्यात फार अंतर आहे. टॅनिन असेल तर ते अंड्याला चिकटून गढूळपणा वाढवतं आणि निकाल उलटा दिसतो. टॅनिन काढलेला अर्कही चालवा. निष्कर्षात 'प्रथिन-विकृतीला रोध आढळला' एवढंच लिहा, 'सूज उतरते' असं नको.

जमलं तर ब्राइन श्रिंपवर (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) विषारीपणा तपासा. ३८ ग्रॅम समुद्री मीठ प्रति लिटर, अंडी उजेडात २४ ते ४८ तासांत फुटतात, प्रत्येक नळीत दहा पिल्लं, २४ तासांनी मेलेली मोजायची. डीएमएसओचं नियंत्रण इथेही लागतं. जिवाणूंवरची एमआयसी ५०० मायक्रोग्रॅम असेल आणि श्रिंप १०० लाच मरत असतील, तर तो परिणाम औषधी म्हणण्यासारखा नाही, तो सरसकट विषारीपणा आहे. अहवालात हे दोन आकडे शेजारी ठेवले तर परीक्षक दुसरं काही विचारणार नाहीत.

उत्तर – कणकुंबी_झाडपाला

एक राहिलं, ते गावातल्यांसाठी. प्रोजेक्टचं ऐकून कुणी काढा पोटात घ्यायला विचारलं तर नाही म्हणा. प्लेटवरचा निकाल पोटात घेण्याच्या मात्रेबद्दल काहीच सांगत नाही, आणि गरोदर बायकांनी, गोळ्या चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. शेकायला वापरतात ते वेगळं.

उत्तर – टिळकवाडी_पेट्री

तक्ता भरताना प्रत्येक चाचणी वेगवेगळ्या तीन दिवशी, दर वेळी नव्या जिवाणूवाढीवर करा. एकाच दिवशी एकाच द्रावणाच्या तीन प्लेटा म्हणजे तीन चाचण्या होत नाहीत. झोनची सरासरी आणि प्रमाण विचलन द्या, वेलचा व्यास धरला की वगळला ते खाली लिहा. एमआयसीची सरासरी काढू नका, तिन्ही आकडे तसेच द्या. एका पायरीचा फरक चालतो, दोन पायऱ्यांचा आला तर जिवाणूंचं प्रमाण चुकलं आहे, परत करा. डीएमएसओचा आकडा शून्य आला तरी तो रकाना तक्त्यात ठेवा. परीक्षकाची नजर आधी तिथेच जाते.

आणि वापरलेल्या प्लेटा, टिपा, ब्रॉथ धुण्याआधी १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा. स्टॅफ नुसत्या फिनाइलच्या बादलीत सोडू नका.